अजब बंगला आणि वस्तूची चिठ्ठी

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये एक जुनी सरकारी वास्तू आहे. कागदोपत्री तिचे नाव मध्यवर्ती संग्रहालय. शहरातल्या माणसाला मात्र 'अजब बंगला' म्हटल्याशिवाय ती पटकन कळत नाही. खेड्यातून नागपूरला आलेले कुटुंब कोर्टकचेरीचे किंवा दवाखान्याचे काम आटोपले, की लेकरांना अजब बंगला दाखवून मगच परतीची गाडी धरी. पेंढा भरलेले प्राणी, काचेच्या पेट्यांतले पक्षी, भंगलेल्या मूर्ती, तलवारी, आदिवासींचे दागिने. तासाभरात सगळे पाहून होई आणि 'अजब' या शब्दाचे सार्थक होई.

हे नाव लोकांनी ठेवले आहे आणि ते उगाच ठेवलेले नाही. नवल वाटणे ही पाहण्याची पहिली पायरी आहे, ती चुकवून कोणी पुढे जात नाही. अडचण एवढीच, की आपल्यापैकी बहुतेकांची भेट त्याच पायरीवर संपते. नवलाचे घर आणि पुराव्याचे घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच छपराखाली त्या दोन्ही नांदत असतात आणि त्यांच्यामध्ये फरक असतो तो एका छोट्याशा चिठ्ठीचा. ही वस्तू कुठे सापडली, कशाबरोबर सापडली आणि कोणी आणली, हे सांगणारी ती चिठ्ठी. या लेखात त्या चिठ्ठीविषयी लिहायचे आहे. त्यासाठी अजब बंगल्यातल्या तीन विषयांतून एक फेरी मारू: निसर्ग, पुरातत्त्व आणि लोकजीवन.

एक वर्ष, दोन घटना

या संग्रहालयाची स्थापना १८६३ ची. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ च्या अखेरीस सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत, अस्तित्वात आला. नागपूर ही त्याची राजधानी. नव्या प्रांतात काय पिकते, काय खणता येते, कोण राहते, याची मोजदाद राज्यकर्त्यांना हवी होती. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत उभ्या राहिलेल्या संग्रहालयामागे ही गरजही होती. म्हणून इथे प्राणी, दगड, मूर्ती आणि माणसांच्या चीजवस्तू एकत्र आल्या. आजच्या महाराष्ट्राच्या नकाशात न मावणारा मुलूख त्या काळी नागपूरच्या कक्षेत होता. छिंदवाडा, बालाघाट, जबलपूर, छत्तीसगड इथून निघालेल्या वस्तूंची वाट अनेकदा नागपूरला येई. १९५६ मध्ये प्रांताची फेररचना झाली, नागपूर आधी मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. माणसांच्या सरहद्दी बदलल्या, पण पेट्यांतल्या वस्तू होत्या तिथेच राहिल्या. म्हणून विदर्भाच्या या संग्रहालयात आजही एका मोठ्या, मोडलेल्या प्रांताची आठवण सापडते.

त्याच १८६३ साली नागपूरजवळ आणखी एक घटना घडली. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून नागपुरात राहत होते. शाळा चालवणे हे त्यांचे काम, हिस्लॉप कॉलेजला पुढे त्यांचेच नाव मिळाले. पण या माणसाचे डोळे सतत जमिनीकडे असत आणि कान गावकऱ्यांच्या बोलण्याकडे. त्यांनी दगडांतले जीवाश्म गोळा केले, नागपूरच्या आसपासची शिलावर्तुळे धुंडाळली आणि गोंडांची लिंगोची कथा उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहायला टेंपल यांच्यासह ते गेले होते. टेंपल पुढे निघून गेले, हिस्लॉप मागे थांबले. संध्याकाळी घोड्यावरून परतताना बोरीजवळच्या पूर आलेल्या नाल्यात ते वाहून गेले. वयाची शेहेचाळीस वर्षे पुरी व्हायला चार दिवस उरले होते.

आपण ज्यांना तीन वेगळे विषय समजतो, ते या एका माणसाच्या वह्यांत शेजारी शेजारी नांदत होते. संग्रहालयाच्या फेरीत हिस्लॉप यांची वाट धरली, तर ही दालने एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, हे कळायला सोपे जाते.

दगडातले पान आणि डायनोसॉरचे शेण

निसर्गाच्या दालनात मुलांची गर्दी प्राण्यांपाशी असते. दगडांपाशी फारसे कोणी थांबत नाही, कारण दगड काही करत नाही. तो बोलू लागतो तो चिठ्ठी वाचल्यावर.

नागपूर भूशास्त्राच्या दृष्टीने एका सीमेवर वसले आहे. पश्चिमेकडून आलेला दख्खनचा काळा कातळ, म्हणजे लाव्हाचे थिजलेले थर, इथे संपत येतो. पूर्वेला व उत्तरेला त्याहून फार जुने खडक उघडे पडतात. कामठी आणि सिलेवाडा परिसरातल्या वालुकाश्मात हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना पानांचे ठसे मिळाले. ग्लॉसोप्टेरिस हे त्यांतल्या एका वनस्पतीचे नाव. जिभेच्या आकाराचे पान, मधोमध शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक रेषा. वय पंचवीस कोटी वर्षांहून अधिक.

नुसते पान म्हणून पाहिले तर ते सुंदर आहे, पण त्याचे महत्त्व ते कुठे सापडते यात आहे. हेच पान दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत आणि अंटार्क्टिकातही मिळाले. समुद्र ओलांडून ही झाडे गेली कशी? हे भूखंड एकेकाळी एकत्र होते, या विचाराला बळ देणाऱ्या पुराव्यांत ग्लॉसोप्टेरिसचा वाटा मोठा आहे. मध्य भारतातल्या या खडकांना भूशास्त्रज्ञांनी गोंडांच्या मुलुखावरून 'गोंडवाना' हे नाव दिले आणि पुढे एडवर्ड स्यूस यांनी त्या प्राचीन महाखंडालाही तेच नाव लावले. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात 'गोंडवाना' वाचणाऱ्या जगभरच्या मुलांना तो शब्द कुठून आला हे ठाऊक नसते. तो आला इथून, आणि ज्यांच्यावरून आला ते लोक याच संग्रहालयाच्या दुसऱ्या दालनात भेटतात. त्यांच्याकडे आपण नंतर येऊच.

याच्या पुष्कळ नंतरची, साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीची गोष्ट नागपूरच्या टाकळीजवळच्या खडकांत आहे. लाव्हाचा एक थर पसरे, थंड होई, त्यावर तळी साचत, तळ्यांत गोगलगायी, मासे, कीटक राहत. मग नवा लाव्हा येऊन सगळे झाकून टाकी. दोन थरांच्या मधल्या या गाळात हिस्लॉप आणि हंटर यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख मिळाले. एवढ्याशा शंखाने एक मोठी गोष्ट सांगितली: लाव्हाचा उद्रेक सलग झाला नाही, मधे मधे विसाव्याचे काळ होते आणि त्या काळात इथे जीवसृष्टी पुन्हा पुन्हा वस्तीला येत होती. शंख दोन काळ्या थरांच्या मधोमध मिळाला, हे लिहून ठेवले नसते तर तो नदीकाठच्या कुठल्याही शंखासारखाच ठरला असता.

तिसरे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यातले, पिसदुरा गावचे. लाव्हा येण्याच्या सुमाराच्या या थरांत डायनोसॉरची हाडे मिळतात, आणि त्यांबरोबर दगड झालेली विष्ठाही मिळते. हिस्लॉप यांच्या काळापासून हे ठिकाण अभ्यासकांना ठाऊक आहे. कोणाला वाटेल, विष्ठा कशाला जपायची? पण २००५ मध्ये भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांच्या एका गटाने पिसदुऱ्याच्या या नमुन्यांतून गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकेचे अतिसूक्ष्म कण वेगळे काढले. तोवर सर्वसाधारण समज असा होता, की गवताचा खरा विस्तार डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरचा. वरोऱ्याच्या मातीतल्या शेणाने सांगितले की डायनोसॉरच्या पोटात गवत गेलेले होते, तेही निरनिराळ्या गटांतले. दीडशे वर्षांपूर्वी ज्या ठिकाणाची नोंद झाली, त्याच्याकडे नव्या उपकरणांनी पुन्हा वळता आले. नोंद करणाऱ्याला पुढचे प्रश्न ठाऊक नसतात, तरी त्याने नीट लिहून ठेवले तर ते प्रश्न विचारता येतात.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगितली पाहिजे. हिस्लॉप यांच्या जीवाश्मांचा मोठा भाग नागपुरात नाही, तो लंडनला गेला. नागपूरच्या दक्षिणेकडच्या मांगली गावी सापडलेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीला रिचर्ड ओवेन यांनी ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. कोणत्याही जातीचे नाव ज्या मूळ नमुन्यावरून ठरते, त्याला प्रमाण-नमुना म्हणतात आणि पुढचा प्रत्येक अभ्यासक त्याच्याशी ताडून पाहतो. मांगलीच्या कवटीशी ताडून पाहायचे तर लंडनला जावे लागते. संग्रहालयात काय आहे याइतकेच काय नाही, हेही पाहावे ते यासाठी.

गुंगेरियाची चांदी

आता पुरातत्त्वाकडे वळू. इथे वाकाटकांच्या काळातल्या वस्तू आहेत. रामटेकजवळच्या हमलापुरीत सापडलेल्या बुद्धाच्या कांस्यमूर्ती त्यांपैकी, आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन, तिथून जवळच आहे. अकोला जिल्ह्यातल्या राजनापूर खिनखिनीच्या जैन कांस्यमूर्ती आहेत. शिलालेख आहेत, नाणी आहेत. पण मी ज्या वस्तूंपाशी सर्वांत जास्त रेंगाळतो त्या दिसायला साध्या आहेत: तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी, लांब पट्ट्या आणि चांदीचे पातळ पत्रे.

१८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावी गुरे राखणाऱ्या दोन मुलांना जमिनीतून वर आलेला धातूचा तुकडा दिसला. त्यांनी तो ओढला, मग आणखी निघाले. अखेरीस मोजणी झाली तेव्हा तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे भरले. तांब्याचे वजन ८२९ पौंड, म्हणजे पावणेचारशे किलोच्या घरात. चांदीचे काही पत्रे गोल आहेत आणि काहींचा आकार शिंगे खाली वळलेल्या बैलाच्या तोंडासारखा आहे. या निधीचा काही भाग नागपूरला आला, काही ब्रिटिश म्युझियमपर्यंत पोहोचला.

उत्तर भारतात गंगेच्या खोऱ्यात असे ताम्रनिधी पुष्कळ सापडले आहेत, पण गुंगेरियाइतका मोठा निधी विरळा. त्यात तांब्याबरोबर चांदी आणि तीही बैलाच्या तोंडाची, हे आणखी विरळा. इतर निधींशी तुलना करून तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला मानला जातो. मात्र 'मानला जातो' याच्या पुढे जाता येत नाही. वस्तू कोणत्या थरात होत्या, सोबत खापरे होती का, कोळसा होता का, जवळ वस्ती होती का, याची उत्तरे देईल अशी नोंद त्या वेळी झाली नाही. शास्त्रीय उत्खननाची शिस्त अजून यायची होती. मुलांनी ओढून काढले ते वाचले, हेच नशीब. पण तांबे हाती लागले आणि त्याच्याभोवतीची माती, जिच्यात त्याचा काळ लिहिलेला होता, ती विस्कटली.

अशा वेळी मनाला एक मोह होतो. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुले लाकडाचे बैल सजवून दारोदार नेतात. गुंगेरियाच्या चांदीतला बैल आणि आपल्या पोरांचा लाकडी बैल यांच्यामध्ये एक धागा ओढावा, साडेतीन हजार वर्षांची परंपरा सिद्ध करावी, टाळ्या घ्याव्यात. हा मोह टाळला पाहिजे. साम्य दिसणे म्हणजे नाते सापडणे नव्हे. मधल्या हजारो वर्षांची एकही कडी हातात नसताना दोन टोके बांधता येत नाहीत. बैल दोन्हीकडे आहे एवढेच खरे, आणि शेती-गुरांवर जगणाऱ्या माणसाला बैलाची प्रतिमा करावीशी वाटली यात आश्चर्य नाही. चिठ्ठी नसलेल्या वस्तूला आपण आपल्या मनातली चिठ्ठी चिकटवतो, असे घडू नये म्हणून हे सांगितले.

नोंद झाली की काय मिळते, तेही पाहू. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा मोठा साठा मिळाला, सुमारे दीड हजार नाण्यांचा. तो एकत्र राहिला आणि नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. पुराणांतल्या राजवंशावळीत ज्यांचा पत्ता नाही अशा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी या राजांची नावे त्या नाण्यांवर वाचता आली. सुटे एखादे नाणे बाजारात विकले गेले असते तर त्याच्यावरच्या अपरिचित नावाला कोणी वाचनाची चूक म्हणून सोडून दिले असते. साठा एकत्र होता म्हणून राजा सिद्ध झाला.

घोडा जिथल्या तिथे

नागपूर जिल्ह्यात शिलावर्तुळे फार आहेत. मोठमोठ्या धोंड्यांचे वर्तुळ, मधे दगडमातीचा उंचवटा, आणि त्याच्या पोटात मृताचे अवशेष आणि त्याला दिलेल्या वस्तू. हिस्लॉप ज्या टाकळघाटला गेले होते तिथे हीच वर्तुळे होती. काटोल मार्गावरच्या जुनापाणी येथे अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, काही धोंड्यांवर कोरलेले वाटीसारखे छोटे खळगेही त्यांनी नोंदवले. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तिथल्या काही वर्तुळांचे उत्खनन केले. त्यानंतर शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने टाकळघाट-खापा आणि माहूरझरी येथे काम केले.

माहूरझरीत माणसांच्या सांगाड्यांबरोबर घोडा मिळाला आणि त्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे अलंकार मिळाले. लोखंडाची हत्यारे मिळाली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातले हे लोक. एखाद्या भंगारवाल्याकडे तो तांब्याचा नक्षीदार पत्रा आला असता तर आपण त्याला माणसाचा मुकुट म्हटले असते, छातीवरचे पदक म्हटले असते. तो घोड्याच्या तोंडावरचा आहे हे कळले ते घोडा सोबत होता म्हणून. नैकुंड येथे पुढे लोखंड गाळण्याची भट्टीच उत्खननात मिळाली. तेव्हा ही हत्यारे कुठल्या दूरच्या मुलुखातून आणलेली नव्हती, लोखंड गाळण्याची विद्या इथेच होती, असे म्हणायला आधार मिळाला.

गुंगेरियाच्या चांदीने विस्मय वाटतो, माहूरझरीच्या पत्र्याने माणूस कळतो. पहिल्याची किंमत सराफ सांगू शकेल, दुसऱ्याची सांगू शकणार नाही.

विदर्भातल्या या वर्तुळांपुढे आज खरा धोका आहे. धोंडा चांगला असतो, बांधकामाला चालतो. जमीन सपाट करायला यंत्र आले की दोन हजार पाचशे वर्षांची रचना एका दुपारी नाहीशी होते. करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. त्याला ते दगड दिसतात, वर्तुळ दिसत नाही. मला संग्रहालयाचे महत्त्व वाटते ते इथे. ज्याने एकदा पेटीतला तो अलंकार किंवा त्याचे चित्र पाहिले आणि खालची चिठ्ठी वाचली, त्याला शेतातले वर्तुळ दिसू लागते.

काचेआडची माणसे

आता तिसरे दालन. गोंड, माडिया, कोरकू, कोलाम अशा समाजांचे दागिने, वाद्ये, हत्यारे, घरगुती वस्तू. इथे आपण जरा अवघडून उभे राहिले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात संग्रहालयांची जी मांडणी ठरली तिच्यात जंगलातला प्राणी, जंगलातला दगड आणि जंगलातला माणूस एका रांगेत आले. राज्यकर्त्यांच्या पाहणीत आदिवासी हा निसर्गाचाच एक भाग होता. पेशव्यांची तलवार 'इतिहास' झाली आणि माडियाचे धनुष्य 'लोकजीवन' झाले. पहिल्याला साल असते, मालकाचे नाव असते. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर अनेकदा फक्त जमातीचे नाव असते. कोणी घडवले, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, हे विचारायचे असते हेच त्या काळी कोणाला सुचले नाही. दगडातल्या पानाची चिठ्ठी जितकी नेमकी, तितकी माणसाच्या दागिन्याची नाही, हा या संग्रहांचा मोठा उणेपणा आहे. तो केवळ नागपूरचा नाही, त्या काळात घडलेल्या बहुतेक संग्रहालयांचा आहे.

एकदा याच दालनात एक शाळेची सहल आली होती. पोरे धावत पुढे गेली, एक मुलगी दागिन्यांच्या पेटीपाशी थांबली आणि मैत्रिणीला म्हणाली, "हे तं माह्या आजीजवळ हाय." तिच्या बोलण्यात नवल नव्हते, थोडा अभिमान होता आणि थोडा संकोच. आजीची वस्तू काचेत ठेवली म्हणजे आजी मोठी झाली की जुनी झाली, हे तिला ठरवता येत नसावे. त्या पेटीवरच्या चिठ्ठीत जी माहिती नव्हती, ती बहुधा तिच्या आजीला ठाऊक होती.

हिस्लॉप यांच्या वहीत या प्रश्नाचे अर्धे उत्तर सापडते. गोंडांचे परधान किंगरीच्या सुरावर आपल्या यजमानांच्या कुळकथा गातात. अशा परधानांकडून हिस्लॉप यांनी लिंगोची कथा गोंडी शब्दांसह उतरवून घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर टेंपल यांनी १८६६ मध्ये ते कागद ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या कथेत गोंड गुहेत कोंडले जातात आणि लिंगो त्यांची सुटका करतो. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातली कचारगडची गुहा ही तीच जागा, अशी गोंडांची श्रद्धा आहे. माघी पौर्णिमेला तिथे दूरदूरच्या राज्यांतून गोंड लोक मोठ्या संख्येने जमतात. म्हणजे जे छापील पानात १८६६ मध्ये 'जपले' गेले, ते जपण्याची वाट न पाहता आपल्या पायांवर चालत राहिले. संग्रहालयात किंगरी ठेवता येते, परधानाचे गाणे ठेवता येत नाही. आणि 'गोंडवाना' हे ज्यांचे नाव पृथ्वीच्या इतिहासाला मिळाले, ते लोक भूतकाळातले नाहीत.

लोकजीवन आणि पुरातत्त्व यांच्यातही एक दार आहे. गडचिरोलीतले माडिया आजही मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभ्या करतात. मेळघाटचे कोरकू सागाच्या फळीवर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार कोरून मृताचे स्मारक करतात. अशी फळी संग्रहालयात पाहा किंवा मेळघाटात पाहा, माहूरझरीचा घोडा आठवतोच. इथेही तान्ह्या पोळ्याचा धडा विसरू नये, हे त्या लोकांचे वंशज असा निकाल देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण मृतासाठी दगड कसा निवडतात, कोण वाहून आणतो, कोण जेवू घालतो, किती दिवस लागतात, हे प्रश्न माहूरझरीच्या मृतांना विचारता येत नाहीत, भामरागडच्या जिवंत माणसांना विचारता येतात. त्यांनी दिलेली उत्तरे जुन्या वर्तुळांकडे पाहताना नवे प्रश्न सुचवतात. एवढेही पुष्कळ झाले.

फेरी कशी मारावी

सगळे संग्रहालय एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. प्रत्येक विषयातली एक वस्तू निवडावी आणि तिला तीन प्रश्न विचारावेत. तू कुठे सापडलीस? तुझ्याबरोबर आणखी काय होते? तुला इथे कोणी आणि कशी आणली? चिठ्ठीत उत्तर असेल तर वहीत टिपावे. नसेल तर तेही टिपावे, कारण उत्तर नसणे हीसुद्धा त्या वस्तूविषयीची माहिती आहे. मुले बरोबर असतील तर त्यांना गावाचे नाव शोधायला लावावे. गुंगेरिया, तऱ्हाळा, पिसदुरा ही नावे नकाशावर सापडली, की पेटीतली वस्तू जमिनीवर उतरते. आपल्या आजोळाजवळचे नाव निघाले तर मग काही सांगावे लागत नाही.

आणि कधी आपल्याच शेतात काही निघाले तर? १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची चीज सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. लोक घाबरतात, सरकार नेईल म्हणून गुपचूप वितळवतात. खरे तर सरकारने निधी घेतला तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. म्हणून निघालेली वस्तू धुऊ नये, घासू नये, बाकीचे उकरून काढू नये. जागेचे छायाचित्र घ्यावे, तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे. वस्तू दोन दिवस जमिनीत राहिली तर काही बिघडत नाही, ती दोन-तीन हजार वर्षे तिथेच होती. तिच्याभोवतीची माती मात्र एकदा विस्कटली की पुन्हा रचता येत नाही.

वेळ असेल तर संग्रहालयातून निघून त्याच दिवशी जुनापाणीला जावे. काटोल मार्गाने फार वेळ लागत नाही. वर्तुळे उघड्यावर आहेत, बाभळीची झुडपे वाढलेली, गुरे चरत असतात. ऊन तिरपे झाले की धोंड्यांवरचे ते वाटीसारखे खळगे नीट दिसतात. तिथे काच नाही आणि कशावर चिठ्ठीही नाही. वर्तुळात पाय ठेवण्याआधी क्षणभर बाहेर थांबावे आणि सकाळचे तीन प्रश्न पुन्हा आठवावेत. या वेळी उत्तरे पायांखाली आहेत, कोणीतरी नीट विचारेपर्यंत ती तिथेच राहिली पाहिजेत.